स्पीडवेच्या हंगामाच्या तोंडावर

समोरच्या घरातली बाई गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. नेदरलँड्समधल्या आमच्या बाडहूव्हडॉर्पमध्ये कुणाच्या मुलाने मणी गिळला, कुणाच्या म्हाताऱ्या आईचा तोल गेला, कुणाच्या छातीत कळ आली, की दवाखान्यात फोन लावल्यावर पहिल्यांदा तिचाच आवाज यायचा. कधी न चढणारा, कधी न घाबरणारा. माझ्या नवऱ्याला एकदा मधमाशी चावून सगळा चेहरा सुजला होता, तेव्हा तिने फोनवर एकेक प्रश्न इतक्या सावकाश विचारला की उत्तरं देता देता मीही सावकाश बोलू लागले. त्या बाईचा आवाज बदललेला मी पहिल्यांदा ऐकला तो फेब्रुवारीत, माझ्या स्वयंपाकघरात. मी कॉफी ओतत होते. ती म्हणाली, "तू त्या मैदानावर उभी राहिली आहेस. तिथलं कुंपण कसं आहे?"

मी किटली खाली ठेवली, कारण मला ते कुंपण चांगलंच माहीत होतं.

तिचा एकुलता एक मुलगा स्पीडवे खेळायचा. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नाही. लाल खडीच्या भुग्याचा लंबगोल मार्ग, त्यावर चार मोटारसायकली, चार फेऱ्या, मिनिटभरात सगळं संपतं. त्या गाडीला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतो. मुद्दामच नसतो. वळणावर पोरं गाडी आडवी टाकतात, मागचं चाक घसरत बाहेर जातं, डाव्या पायाच्या बुटाला लावलेली लोखंडी पट्टी जमिनीवर घासत ते वळतात, आणि चौघांच्या कोपरांमध्ये वीतभर अंतर असतं. इंग्लंडमध्ये या खेळाचे संघ आहेत, मार्च ते ऑक्टोबर हंगाम चालतो, आणि लहान लहान गावांतली माणसं त्या संघांवर जीव टाकतात.

मीही त्यातलीच एक होते. नेदरलँड्सला येण्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं पूर्व इंग्लंडातल्या एका गावात राहिलो. घर मिळालं ते नेमकं स्पीडवेच्या मैदानामागे. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात मी मागच्या अंगणात कपडे वाळत घातले आणि संध्याकाळी काढायला गेले तर पांढऱ्या चादरीवर तांबूस धूळ बसलेली. शेजारणीने सांगितलं की ती मैदानावरून येते, दर गुरुवारी. पुढच्या गुरुवारी मी ही धूळ उडवतंय तरी कोण ते बघायला गेले. तिसऱ्या वळणाशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला डोळ्यांवर लावायला त्यांचा जादाचा चष्मा दिला आणि थर्मासमधला चहा दिला. मग एकेक नियम समजावून सांगितला. गावात मला नाव विचारणारं तोवर कुणी नव्हतं. मी पुढच्या गुरुवारीही गेले, मग जातच राहिले.

त्या गावातल्या आमच्या शेवटच्या हंगामात मी एक अपघात पाहिला. वळणावर दोघांची चाकं एकमेकांत अडकली आणि एक मुलगा सरळ कुंपणावर गेला. आवाज झाला तो लाकडाचा. मग सगळं मैदान इतकं गप्प झालं की पलीकडच्या रस्त्यावरची बस थांबलेली ऐकू आली. त्याला घेऊन रुग्णवाहिका बाहेर पडली, आणि मैदानावर दुसरी रुग्णवाहिका नव्हती म्हणून सामना तिथेच थांबवला. लोक बाहेर पडले. तो मुलगा वाचला. पुन्हा गाडीवर बसला नाही, बराच काळ स्वतःच्या पायांवर उभाही राहिला नाही. त्यानंतर माझ्या कानात तो लाकडाचा आवाज राहून गेला. दार आपटलं की मी जागची उठायचे. तरीही मी खेळ बघणं सोडलं नाही. 

नवऱ्याची बदली नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पच्या ऑफिसात झाली आणि आम्ही बाडहूव्हडॉर्पला घर घेतलं. डोक्यावरून विमानं, पलीकडे हायवे. मलाही तिथल्या विमानतळावर मालवाहतुकीच्या वेळापत्रकाचं काम मिळालं. घर लावत असताना एका शनिवारी समोरच्या गॅरेजमधून वास आला. मिथेनॉल आणि एरंडेल तेल जळल्याचा, गोडसर, घशाला लागणारा. हा वास स्पीडवेच्या गाडीशिवाय दुसऱ्या कशाचाही नसतो. मी हातातलं खोकं तसंच टाकून रस्ता ओलांडला. गॅरेजमध्ये एक बारीक अंगाचा तरुण गाडीचं इंजिन चालू करून ऐकत होता आणि त्याचा बाप बाजूला वाकून उभा होता. मी इंग्रजीत म्हटलं, स्पीडवे ना? दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांच्या मांजरीनेच प्रश्न विचारला. तेव्हापासून तो मुलगा मला "ब्यूरव्राऊ" म्हणू लागला. शेजारणीला इथे तशीच हाक मारतात. त्याच्या आईशी माझी मैत्री झाली ती मात्र हळूहळू, अर्धं इंग्रजी आणि अर्धं माझं मोडकं डच, अशा भाषेत.

ती मुलाच्या शर्यतींना कधी जात नसे. बाप त्याच्याबरोबर व्हॅन घेऊन उत्तरेकडच्या गवती मैदानांवर जाई, जर्मनीत जाई, गाडीची सगळी कामं तोच बघे. ती घरी राही आणि खिडक्या पुसत बसे. शर्यतींच्या रविवारी त्यांच्या काचा चकचकीत असायच्या. आदल्या सप्टेंबरात जर्मनीतल्या एका मैदानावर मुलगा पडला. खांदा मोडला, बरगड्या मोडल्या, एक फुप्फुस दबलं. तिला फोन आला तेव्हा ती खिडकीशीच होती. नंतर ती मला म्हणाली की रोज मी लोकांना फोनवर सांगते, शांत व्हा, श्वास घेतोय का ते बघा. आणि त्या दिवशी मला तो प्रश्न विचारायला सुचलंच नाही.

डिसेंबरात बातमी आली. इंग्लंडमधल्या एका संघाने त्याला पुढच्या हंगामासाठी घेतलं होतं, सात नंबरचा राखीव खेळाडू म्हणून; या खेळात राखीवही प्रत्येक सामन्यात धावतो. तो संघ माझा होता. ज्या मैदानाची धूळ माझ्या चादरीवर बसायची, त्याच मैदानाचा.

त्या हिवाळ्यात मला धड झोप लागली नाही. संघाच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक पान होतं, ते मी इंग्लंड सोडल्यापासून वाचत आले होते. दर हिवाळ्यात तिथे तीच चर्चा चाले आणि मला ती आवडायची. कप्तान राहणार का, नवा पोलिश मुलगा ओल्या मैदानावर कसा चालवेल, गेल्या वर्षी आपण शेवटून दुसरे होतो ते यंदा तरी वर येऊ का. या वर्षी त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मैदानाच्या मालकाला ती जागा घरं बांधायला द्यायची होती, आणि हा हंगाम शेवटचा ठरेल अशी भीती प्रत्येकाच्या लिहिण्यात होती. दुसरी म्हणजे सात नंबर. हा हॉलंडचा मुलगा कोण, कुणी पाहिलाय का, नुकताच मोडून पडलेला खेळाडू का घेतला, याच्यापेक्षा आपला गावचा मुलगा काय वाईट होता. एकाने लिहिलं होतं की राखीव खेळाडू न घाबरणारा हवा, बाकी काही नसलं तरी चालेल. मी ते वाचत असताना समोरच्या गॅरेजमध्ये दिवा असायचा. तो डावा हात वर उचलून खांदा फिरवताना दिसायचा, अर्ध्यावर थांबायचा, पुन्हा फिरवायचा.

तर फेब्रुवारीत त्याच्या आईने मला कुंपणाबद्दल विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं. वळणांवर हवा भरलेल्या जाड गाद्या आहेत, पण सगळीकडे नाहीत. सरळ भागात लाकडी फळ्या आहेत. तिने मान हलवली. दवाखान्यात रुग्णाचं ऐकून घेताना हलवत असेल तशीच. मग तिने सांगितलं की पहिल्या सामन्याला ती जाणार आहे. घरी बसून फोनची वाट बघणं तिला आता जमणार नव्हतं. बाप आणि मुलगा व्हॅन घेऊन आधी जाणार होते. तिला माझी सोबत हवी होती, कारण कुठे उभं राहायचं, काय कधी होतं, ते मला माहीत होतं.

माझा इंग्लंडचा व्हिसा अजून चालू होता, नाहीतर माझी सुटका झाली असती. नवऱ्याने विचारलं की तुला जायचंय का खरंच. मी म्हटलं की नाही, पण जाणार आहे.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही दोघी हूक व्हान हॉलंडहून बोटीत बसलो. समुद्र खवळलेला होता. ती खिडकीजवळ बसून राहिली, हातात न उघडलेलं सँडविच. मधेच तिने सांगितलं की मुलगा लहानपणी इतका भित्रा होता की पोहण्याच्या परीक्षेला कपड्यांसकट पाण्यात उडी मारायची म्हणून तो आठवडाभर रडला होता. हॉलंडातली जवळपास सगळी मुलं ती परीक्षा देतात. शेवटी त्याने उडी मारली, वर आला, आणि लगेच पुन्हा मारली. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

पहिला सामना गुरुवारऐवजी रविवारी ठेवला होता, त्या दुपारी आम्ही मैदानावर पोचलो. आकाश खाली आलेलं, वारा बोचरा. ट्रॅक्टर मार्गावर माती फिरवत होता, मागून पाण्याची टाकी. तिसऱ्या वळणाशी ते म्हातारे गृहस्थ होते, तोच थर्मास. त्यांच्या बायकोचं मधल्या काळात निधन झालं होतं आणि तिची घडीची खुर्ची त्यांनी बरोबर आणली होती, रिकामीच. त्यांनी मला मिठी मारली आणि लगेच जागेबद्दल बोलायला लागले. नगरपालिकेत अर्ज गेलाय, उन्हाळ्यात निर्णय आहे, मी मरेपर्यंत तरी हे मैदान राहू दे एवढंच माझं म्हणणं. भोवतालचे सगळे तेच बोलत होते. हसत होते, नव्या टोप्या घालून आले होते, पहिल्या सामन्याची गर्दी चांगली होती, पण जो तो बोलता बोलता छपराकडे, दिव्यांच्या खांबांकडे असं बघून घ्यायचा, जसं दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाकडे बघतात. मी माझ्या मैत्रिणीची ओळख करून दिली, पण ती कुणाची आई ते सांगितलं नाही. तिनेच तसं सांगून ठेवलं होतं.

खेळाडूंची ओळख झाली. तो सगळ्यांत शेवटी उभा होता, निळ्या कातडी सूटमध्ये, डावा खांदा किंचित खाली. तिने त्याला पाहिलं आणि मग मार्गाकडे पाठ केली. कुंपणाला टेकून ती गर्दीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "मी इकडे बघते. तू तिकडे बघ आणि मला सांग."

पहिल्या शर्यतीत तो नव्हता. आपला कप्तान जिंकला आणि सगळं मैदान उसळलं. ती डोळे मिटून उभी होती. दुसरी शर्यत राखीव खेळाडूंची असते. चौघे सुरुवातीच्या रेषेवर आले. मी सांगायला लागले: तो आतून दुसरा आहे, लाल हेल्मेट. पुढची आडवी फीत वर गेली की सुटायचं, त्याची वाट बघतायत. इंजिनांचा आवाज चढला, फीत वर गेली, आणि माझं पुढचं वाक्य तयार व्हायच्या आत पहिल्या वळणावर चौघे एकाच जागेत शिरले. जागा दोघांचीच होती. एक गाडी उभी झाली, तिने दुसरीला ढकललं, आणि लाल हेल्मेट गाडीसकट हवेच्या गादीवर गेलं. गादी वर उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. तो तिच्याखाली गेला. मला फक्त त्याचं मागचं चाक दिसत होतं, फिरत असलेलं.

लाल दिवे लागले. आवाज बंद झाले. पुन्हा तीच शांतता.  माणसं धावत गेली, गादी धरून उचलायला लागली. तिने माझं मनगट पकडलं होतं आणि ती काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत होतं, पण उत्तर येत नव्हतं. मी बोलत होते असं तिने नंतर सांगितलं. मी मराठीत बोलत होते. "ऊठ रे बाळा, ऊठ, ऊठ," एवढंच, पुन्हा पुन्हा. तिला एकही शब्द कळला नाही आणि तरी सगळं कळलं. तिने वळून बघितलं नाही. ती समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते.

मग म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केले आणि टाळ्या वाजवायला लागले. तो उठून बसला होता. कुणीतरी त्याच्या हेल्मेटसमोर बोटं धरली, त्याने मान हलवली. उभा राहिला. स्वतःच्या पायांनी चालत खेळाडूंच्या जागेकडे निघाला. मी तिला इंग्रजीत सांगितलं की तो चालतोय. तिने मनगट सोडलं. तिथे चार नखांच्या खुणा उठल्या होत्या.

मला वाटलं, संपलं. पण पंचाने जाहीर केलं की पहिल्या वळणावरची गर्दी होती, कुणा एकाची चूक नाही, चौघेही पुन्हा धावतील. चाहत्यांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या, आपला माणूस बाद झाला नाही म्हणून. तिने मला विचारलं की म्हणजे काय. मी सांगितलं. ती खेळाडूंच्या जागेकडे चालायला लागली.

खेळाडूंच्या जागेला तारेची जाळी असते, आत प्रेक्षकांना सोडत नाहीत. ती जाळीपाशी उभी राहिली आणि तिने मुलाला हाक मारली. बाप दुसरी गाडी ढकलत सुरू करत होता. त्याने वर पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला. बायको इथे आली आहे हे त्याला माहीत होतं, पण ती जाळीपर्यंत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. मुलगा जवळ आला. तोंडावर, दातांवर लाल माती, डोळे मोठे झालेले. माझी खात्री होती की ती त्याला आता थांबवणार. तिने थांबवावं असं मला फार वाटत होतं. माझ्या पाठीमागे हजारेक माणसं वाट बघत होती, माझाच संघ होता, आणि मी मनात म्हणत होते, सांग त्याला, सांग.

तिने विचारलं, "श्वास घेताना दुखतंय?"

तो नाही म्हणाला.

"खोल घे."

त्याने घेतला. ती त्याच्या छातीकडे बघत होती.

"पुन्हा."

त्याने पुन्हा घेतला. तिने जाळीतून दोन बोटं घालून त्याच्या हनुवटीवरची माती पुसली, पुसली कसली, पसरवलीच. मग म्हणाली, "जा."

आम्ही परत तिसऱ्या वळणाशी आलो. या वेळी तिने मार्गाकडे तोंड केलं. फीत वर गेली, आणि लाल हेल्मेट सगळ्यांत मागे राहिलं. पहिल्या वळणावर इतर तिघे आत घुसले तेव्हा तो लांब बाहेरून गेला, दुसऱ्या फेरीत एकदा जागा मिळाली होती ती त्याने सोडली, आणि चौथा आला. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक; चौथ्याला शून्य. कुणी हिणवलं नाही, उलट टाळ्याच वाजल्या. पण म्हाताऱ्या गृहस्थांनी थर्मासचं झाकण लावता लावता हळूच म्हटलं की याने गॅस सोडला, मूठ ढिली केली. पडल्यावर सगळेच पहिल्यांदा सोडतात, पण याला पुढे अडचण होईल. त्यांना माहीत नव्हतं की आई शेजारी आहे. तिला इंग्रजी चांगलंच कळत होतं.

नंतर तो आणखी तीनदा धावला. एकदा तिसरा आला, एक गुण मिळाला. सामना आम्ही थोडक्यात जिंकलो. मैदान रिकामं होईपर्यंत लोक रेंगाळले, कारण आज जिंकलो होतो आणि उन्हाळ्यात काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती बापाशी बोलत होती तेव्हा मी व्हॅनच्या मागे उभी होते. मुलगा गाडीवरची माती काढत होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "ब्यूरव्राऊ, मला भीती वाटली. फीत वर गेली आणि माझा हात ऐकेना."  मी म्हटलं की मला तर इंग्लंडला राहत होते तेव्हापासून वाटते. तो हसला नाही. म्हणाला की आईला सांगू नका.

सांगायची गरजच पडली नाही. परतीच्या बोटीत तिने स्वतःच विषय काढला. तिने पाहिलं होतं त्याने गॅस सोडलेला. ती म्हणाली की पहिल्यांदा मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. "आणि मग मला कळलं की तिघांच्या मध्ये हा एकटाच घाबरलेला असेल, तर तोच पडेल." समुद्र त्या दिवशी शांत होता. बोटीत मुलं पळापळी खेळत होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तो घाबरू नये असंही मला म्हणता येत नाही, आणि घाबरावा असंही नाही. मी काय मागू, सांग."  मी कॉफी आणायला उठले आणि दोघींसाठी एकेक कप घेऊन परत आले.

एप्रिल आणि मे वाईट गेले. तो मागे राहायचा, चाहत्यांच्या पानावर त्याला बदला म्हणून रोज कुणीतरी लिहायचं. सामन्यांच्या संध्याकाळी ती माझ्याकडे यायची. शर्यतीगणिक निकाल इंटरनेटवर लिहून येत, ते मी मोठ्याने वाचायचे. तिला फक्त एकच शब्द नको असायचा, पडला. तो शब्द आला की पुढचं वाक्य यायला जो वेळ लागायचा, त्यात मी कितीदा तरी मेले असेन. जुलैत त्याचं मनगट मोडलं. ऑगस्टमध्ये तो परत गाडीवर बसला. आणि मग काय झालं कोण जाणे, तो जिंकायला लागला. एका सामन्यात त्याला दहाच्या वर गुण मिळाले. ज्याने न घाबरणारा हवा म्हणून लिहिलं होतं, त्यानेच लिहिलं की पुढच्या हंगामात या मुलाला सोडू नका. मी ते तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं की म्हणजे ते मैदान राहणार आहे का. मैदानाला आणखी एक वर्ष मिळालं होतं.

पण तो परत गेला नाही. ऑक्टोबरात हंगाम संपल्यावर त्याने घरी सांगितलं की बस झालं. बापाला ते समजेना. आताच कुठे जमायला लागलं होतं, तर सोडायचं का. बाप बरेच दिवस त्याच्याशी नीट बोलला नाही. मला कारण कळलं ते हिवाळ्यात, तो आमच्या सायकलचा ब्रेक बसवायला आला होता तेव्हा. त्याने सांगितलं की शेवटच्या महिन्यात एका शर्यतीत दोघांच्या मधून तो गेला. तिथे जागा नव्हती, हे त्याला दिसत होतं. तरी गेला. बापाने उड्या मारल्या, मैदान ओरडत होतं. तो व्हॅनमध्ये येऊन बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटलं नाही. भीती नाही, आनंद नाही, काही नाही. "तेव्हा मी खरा घाबरलो," तो म्हणाला, आणि ब्रेकची तार ओढून बघितली.

आता तो विमानतळावर सामान चढवायच्या गाड्यांची दुरुस्ती करतो. बापाने व्हॅन विकली. मिळालेलं वर्ष संपल्यावर ते मैदान बंद झालं, म्हाताऱ्या गृहस्थांनी मला फोटो पाठवला होता, दिव्यांचे खांब काढून गवतावर आडवे ठेवलेले. म्हातारे गृहस्थ अजून आहेत, दुसऱ्या गावच्या संघाचे सामने बघायला बसने जातात, आणि दर हिवाळ्यात मला लिहितात की यंदा संघ बरा वाटतोय, फक्त पाऊस नको आणि कुणी पडायला नको.